आईच्या हौदाची निगा

आमच्या घरी पोहण्याचा हौद होता असं सांगितलं की लोक जरा मागे सरकून माझ्याकडे नव्याने बघतात. खामगावात, त्या काळी, घरच्या आवारात पोहण्याचा हौद, म्हणजे आम्ही जिनिंगवाले असणार नाहीतर तेलमिलवाले, असा अंदाज ते बांधतात. आम्ही दोन्ही नव्हतो. माझे बाबा त्या लोकांची गोदामं बांधून देणारे ठेकेदार होते. त्यामुळे सिमेंट, सळई, वाळू आणि फावडी यांना आमच्याकडे तोटा नसे. बाकी सगळं बेताचंच होतं. आणि हौद हौसेचाही नव्हता. तो माझ्या आईच्या खुब्यासाठी बांधला होता.

आई श्रावणात मागच्या ओट्याच्या पायरीवरून घसरली. हातात ताकाची कळशी होती. ती तिने शेवटपर्यंत सोडली नाही, त्यामुळे हात टेकायला मिळाला नाही आणि सगळा भार उजव्या खुब्यावर आला. ताक मात्र सांडलं नाही. ही गोष्ट पुढे आमच्या घरात फार कौतुकाने सांगितली जाई आणि आईला त्या कौतुकाचा राग येई. आमच्या वऱ्हाडात वडिलांच्या थोरल्या भावाला मोठेबाबा आणि त्यांच्या बायकोला मोठीआई म्हणतात. त्या मोठीआईने लगेच हळद-चुन्याचा लेप कालवला. मुका मार असो, मुरगळ असो, तिचं औषध एकच. पिवळीधमक हळद घ्यायची, पानाच्या डब्यातला चुना घालायचा आणि बोटाने घोटायचं, की बघता बघता लालभडक लेप तयार. आईच्या खुब्यावर तो रोज नव्याने लिंपला गेला, घरातल्या चांगल्या चादरी लाल झाल्या, आणि मग अकोल्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की हाड मोडलंय. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली, हाड जुळलंही. पण पाय टाकला की आई कळवळायची, म्हणून पाय टाकायचीच नाही. डॉक्टर म्हणाले, हिला छातीभर पाण्यात चालवा, पाण्यात अंगाचा भार कमी होतो, दुखणार नाही. चालणं थांबलं तर सांधा आखडेल, मग काठी कायमची. छातीभर पाणी आणायचं कुठून, एवढा प्रश्न त्यांनी आमच्यावर सोडला.

परतीच्या एसटीत बाबा पुढच्या सीटच्या पाठीवर बोटाने रेघा ओढत बसले. स्टँडवर उतरेपर्यंत त्यांच्या मनात हौद बांधून झाला होता.

मोठेबाबांना ते कळलं तेव्हा ते अंगणात दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते म्हणाले, "लोकं प्याच्या पाण्याले रांगा लावून राह्यले, अन् तू बायकोले पवाले हौद बांधतं?"

"पवाले नाई, दादा. चालाले," बाबा म्हणाले.

"चालाले रस्ता हाय ना बे!"

मोठेबाबा वरून असे, पण खड्डा खणायची वेळ आली तेव्हा सकाळी सहाला पहारीजवळ तेच उभे होते. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते. तिच्यावर बांधलेला हौद दुसऱ्या उन्हाळ्यात तडकणार, हे दोघा भावांना पाठ होतं. त्यांनी काळी माती सगळी उचलली, मुरूम लागेपर्यंत खाली गेले, मुरमावर काँक्रीट टाकलं. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, पाणी साडेतीन फूट, कारण आईची छाती तेवढ्यावर येत होती. मी तेव्हा अकरावी सायन्सला होते आणि मला आकडेमोडीचा नाद होता. सातशे घनफूट, म्हणजे वीस हजार लिटरला जरा कमी. हे मी बाबांना वहीत न मांडता तोंडी सांगितलं, त्याचं त्यांना एवढं कौतुक वाटलं की हौदाची सगळी 'औषधं' त्यांनी माझ्याकडे दिली. एका लांब बाजूने गोदामाच्या जिन्याची उरलेली लोखंडी नळी कठड्यासारखी बसवली, आईला धरायला. आणि शेजारच्या गच्चीवरून दिसू नये म्हणून आवाराची भिंत दोन फूट वर नेली.

हौद बांधणं बाबांना येत होतं. पाणी सांभाळणं कोणालाच येत नव्हतं, ते आम्ही करत करत शिकलो. हंगाम कापसाचा होता. सरकी काढणाऱ्या जिनिंगची घरघर दिवसभर चाले, जलंबच्या गाडीची शिट्टी तिच्यातून कशीबशी वाट काढी, आणि वाऱ्यावर रुईचे पुंजके उडत येऊन अगदी नेम धरून आमच्या पाण्यावर बसत. सकाळी उठावं तर हौदावर पातळ पांढरी गोधडी. मोठीआईने जुन्या मच्छरदाणीचा तुकडा सायकलच्या रिमला शिवून दिला, त्याला बांबू बांधला, ती झाली आमची जाळी. पहिलं काम जाळीचं. कडुनिंबाची पानं, रुई, एखादा बुडालेला भुंगा, सगळं वर काढायचं, आणि तेही चहाच्या आधी, कारण उन्हं चढली की पानं भिजून तळाला जातात आणि मग दुप्पट काम होतं. दुसरं काम काथ्याच्या ब्रशने भिंती घासायचं. भिंत हाताला बुळबुळीत लागली की शेवाळ यायच्या बेतात आहे असं समजायचं. हिरवं दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. तिसरं काम शेखरदादाचं, माझ्या मोठ्या भावाचं. बागेची रबरी नळी तळावर टेकवायची, दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढून धार सुरू करायची आणि तळाचा गाळ उतारावरच्या लिंबाच्या आळ्यांत सोडायचा. दादा रोज एक घोट गढूळ पाणी प्यायचा आणि रोज नव्याने चिडायचा.

माझं काम संध्याकाळचं. ब्लीचिंग पावडर थेट पाण्यात टाकायची नाही. बादलीत कालवायची, चुनखडीसारखा साका खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी हौदभर फिरून ओतायची. शिवाय मोटर चालू असताना पाणी वाळूच्या ड्रममधून फिरवून घ्यायचं. मोटर चालू असताना म्हणजे वीज असताना, हे वेगळं सांगायला नको.

आज माझ्याकडे त्याच हौदाला बाजारातला फिल्टर आहे, पाणी तपासायची डबी आहे, आणि माझा मुलगा मोबाइलवर आठवणीची घंटी लावून देतो. पण घंटी वाजायच्या आत माझी जाळी मारून झालेली असते. हल्ली ओळखीतले दोघेतिघे शेतातल्या घरापुढे पोहण्याचे हौद बांधून बसलेत आणि महिन्याने फोन करतात की पाणी हिरवं का झालं. मी विचारते, रोज किती वेळ देता? ते म्हणतात, रविवारी सगळं करून घेतो. रोज पंधरा मिनिटं दिली तर रविवारी पोहता येतं, एवढंच या विषयातलं माझं ज्ञान.

हौदाचे नियम बाबांनी भिंतीवर गेरूने लिहिले होते. आंघोळ करून उतरायचं. डोक्याला तेल लावून उतरायचं नाही. दुसऱ्या नियमाने घरात फार गोंधळ झाला. तेल न लावता बाहेर पडणं मोठीआईला उघड्या अंगाने बाहेर पडण्यासारखं वाटे. ती आईला सोबत म्हणून पायरीवर बसायची, मग पाय सोडायची, मग एक दिवस सरळ डुबकी मारून वर आली आणि पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरला. "इतकुशा तेलानं का होते?" असं ती म्हणत होती आणि मी वर्तमानपत्राची पानं पाण्यावर अंथरून तेल टिपत होते.

आई पाण्यात उतरायची दुपारी, पाणी उन्हाने जरा कोमट झालं की. साडी पाण्यात फुगून वर यायची आणि पायात अडकायची, म्हणून तिने बाबांचा जुना लेंगा आणि सदरा घातला. पहिल्या दिवशी ती तशी ओट्यावर आली तेव्हा मोठीआईने पदर तोंडाला लावला.

"बाप्पा! हा कोनता ठेकेदार आला वो आपल्या घरी?"

"कामाची पाहनी कराले आलो," आई म्हणाली. श्रावणानंतर तिने केलेली ती पहिली थट्टा.

नळी धरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. सुरुवातीला ओठ दाताखाली धरून, मग गुणगुणत, मग मोठीआईशी बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, पिठात तीळ किती घालावेत यावर वाद घालत. पाण्यातून आली की तिला सपाटून भूक लागे. मग चुलीपाशी बसून कुटके, म्हणजे सकाळच्या भाकरीचे फोडणी दिलेले तुकडे, वर कच्चा कांदा आणि मूठभर शेंगदाणे. संक्रांतीनंतर ती ओट्यावर एक हात भिंतीला आणि एक काठीला लावून फिरू लागली. होळीपर्यंत भिंत सुटली, नुसती काठी उरली. डॉक्टर म्हणाले, हेच चालू ठेवा, उन्हाळा संपेपर्यंत सोडू नका. शेखरदादाचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि आईच्या मनात एकच होतं. घरात सून येताना दारात उभं राहून, दोन्ही पायांवर, तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकायचा. खुर्चीत बसून नव्हे.

होळीच्या सुमाराला ऊन एकदम चढलं आणि आम्ही कितीही घासलं तरी पाणी हिरवं पडलं. बाबांनी ठेकेदारी निर्णय घेतला. सगळं पाणी लिंबांना सोडलं, हौद कोरडा केला आणि आतून चुन्याचे दोन हात मारले. त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांना आतून चुनाच मारतात, गोदामांना कीड लागू नये म्हणून चुनाच मारतात. चुना म्हणजे स्वच्छता, यात त्यांना शंका नव्हती. हौद आतून चांदण्यासारखा पांढरा झाला. आवारातल्या विहिरीत अजून पाणी होतं, तेवढ्यात भरून घेतला. निळसर दिसणारं ते पाणी बघायला गल्लीतल्या बायका येऊन गेल्या.

आणि त्या पाण्यात आई दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी डोळे लाल करून बाहेर आली. अंगाला खाज, टाचांना भेगा. बाबा म्हणाले, पाण्यात घाण असणार, ब्लीचिंग वाढव. मी वाढवलं. पाणी निवळण्याऐवजी ताकासारखं धुरकट झालं. बाबांनी तुरटी फिरवली, उपयोग नाही. पुन्हा ब्लीचिंग. आईने आणखी दोनदा प्रयत्न केला आणि मग पायरीवरूनच परत फिरली.

"मी काई येत नाई आता त्या पाण्यात. डोये जयतात माहे."

"आणखी चार दिवस पाहू," बाबा म्हणाले.

"तुमी पाहा. मले तं डोये उघडूनच पाहता येत नाई."

घरात हसू झालं, पण बाबा हसले नाहीत. आई पुन्हा खाटेवर बसू लागली आणि पंधरवड्यात फरक दिसायला लागला. ओट्यावरच्या फेऱ्या कमी झाल्या. उठताना ती पुन्हा ओठ दाताखाली धरू लागली. विहीर तोवर इतकी खाली गेली होती की हौद रिकामा करून पुन्हा भरायचा म्हटलं तर पावसाळ्यापर्यंत थांबावं लागलं असतं, आणि डॉक्टरांच्या हिशेबाने तोवर सांधा आखडून बसला असता. असलेलं पाणी सुधारायचं किंवा काठी कायमची, इतकं ते सरळ होतं. बाबा संध्याकाळी हौदाच्या काठावर उकिडवे बसून पाण्याकडे असे बघत की जणू गोदामाचा स्लॅब गळतोय आणि गळती सापडत नाही. मोठेबाबांनी तर सांगूनच टाकलं, "लगन उरकलं की बुजवून टाक. पपया लावू." बाबा उठून आत गेले, आणि ते मला फार लागलं.

लग्नाचं घर भरलं. आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, संग्रामपूरहून दोन पोती गहू आणि स्वतःचा आवाज घेऊन आला. मामा जिथे जाई तिथे आधी आवाज पोचे. बायका बुंदी पाडत होत्या, अंगणात मांडव घातला होता, हौदाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. नुसता देखणा दिसतो म्हणून पाहुणे तिकडे खुर्च्या टाकून बसत. हळदीच्या सकाळी दादाला पाटावर बसवलं. सवाष्णींनी आंब्याच्या पानांनी हळद लावायला सुरुवात केली आणि पोट्ट्यांनी ती तळहातांनी पूर्ण केली. कपाळ, मान, पाठ, पोट, पायाची बोटं, कुठे जागा ठेवली नाही. आई खुर्चीत बसली होती. तिने बसल्या जागेवरून दादाच्या दोन्ही गालांना हळद लावली, आणि मग हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली.

आता नवरदेवाला आंघोळ घालायची. गरम पाण्याची घंगाळं तयार होती. मामा म्हणाला, "घंगायात कायले? एवढा मोठा हौद बांधला भाऊजीनं, तो का पाहाले?" आणि कोणी काही म्हणायच्या आत मामाने आणि दादाच्या मित्रांनी त्याला हातापायांना धरून उचललं, झोका दिला आणि टाकला.

दादा बुडाला, उठला, नाकातलं पाणी शिंकरून उभा राहिला. पुढे काय झालं ते मी फार जवळून पाहिलं. त्याच्या अंगावरची पिवळी हळद लाल होऊ लागली. आधी छातीवर ओघळ आले, मग मान, मग दंड. बघता बघता तो पिवळा नवरदेव विटकरी झाला आणि त्याच्याभोवतीच्या पाण्यात लालसर ढग फिरू लागला.

"रगत!" मोठीआई ओरडली. "पोराले लागलं वो! काढा, काढा त्याले!"

दोघं मित्र कपड्यांनिशी आत उडी मारून बसले. दादा म्हणत होता, मले काई नाई झालं, पण ते कोणाला ऐकू येत नव्हतं. उष्टी हळद न्यायला नवरीकडून आलेले दोन पाहुणे मांडवाच्या दारातच थबकले. मामाचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा गेला होता. तो परत आला तेव्हा मामा म्हणाला, "हळदीचा टाकला न् कुंकवाचा निंगाला बे हा!"

या सगळ्या गलक्यात आई खुर्चीवर ताठ बसून दादाकडे बघत होती. "इकडे ये रे," ती म्हणाली. दादा निथळत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिने त्याच्या दंडावर बोट फिरवलं, ते बोट नाकाजवळ नेलं, मग अंगठ्यावर घासलं.

"रगत नोहे हे," ती म्हणाली. "माह्या खुब्यावरचा लेप हाय. सारा श्रावण-भादवा पाहिला हा रंग मी. हळदीले चुना लागला." मग ती वळली आणि सगळ्या मांडवासमोर तिने बाबांना विचारलं, "अवो, पाण्यात चुना कुठून आला?"

बाबा हौदाकडे बघत होते. त्या चांदण्यासारख्या पांढऱ्या भिंतींकडे. मी शाळेत हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून तो लाल होताना पाहिला होता, आम्लारीचं लक्षण म्हणून वहीत लिहिलंही होतं. ते सगळं त्या क्षणी एकदम डोक्यात आलं, पण बोलायची गरज पडली नाही.

"म्या मारला," बाबा म्हणाले. "दोन हात मारले. चुना पाण्यात उतरला, न् मी वरून ब्लीचिंग टाकाले लावत राह्यलो. त्यातबी चुनाच." मग पाहुण्यांकडे वळून त्यांनी हात जोडले. "चूक माही हाय. पोरगा चांगला हाय."

नवरीकडचा वयस्क पाहुणा आधी हसला, मग सगळा मांडव. मोठीआईने दादाला पुन्हा पाटावर बसवून घंगाळातल्या पाण्याने खसाखसा धुतलं आणि उष्टी हळद पिवळीच्या पिवळी नवरीच्या गावी गेली. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. सून दारात आली तेव्हा आईने तुकडा ओवाळला, पण खुर्चीत बसूनच. तिने तोंड हसरं ठेवलं होतं. मला ते हसू माहीत होतं.

पाहुणे पांगले आणि बाबा हार्डवेअरच्या दुकानातून तेजाब घेऊन आले. फरशा धुवायचं ॲसिड; आमच्याकडे सगळे त्याला तेजाबच म्हणत. किती घालायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. मी टिपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवले, त्यांच्या पट्ट्या केल्या. मग हौदाचं पाणी वीस लिटरच्या बादलीत घेतलं. बादली म्हणजे हौदाचा हजारावा भाग, इथे माझी आकडेमोड पहिल्यांदा कोणाच्या तरी कामी आली. औषधाच्या टोपणाने थोडं थोडं तेजाब घालत, ढवळत, दर वेळी नवी पट्टी बुडवत गेले. पट्टी लाल, पुन्हा लाल, नारिंगी, आणि मग पिवळी राहिली. जितके मिली बादलीला, तितके लिटर हौदाला. पण एकदम नाही. हळदीचा कागद एकच गोष्ट सांगतो, चुना जास्त आहे की नाही; तेजाब जास्त झालं तर तो गप्प बसतो. म्हणून निम्माच डोस, तोही आधी बादलीभर पाण्यात ओतून, आणि त्या दिवशी कोणी पाण्यात उतरायचं नाही. मधल्या वेळात दादा आणि बाबा तारेच्या ब्रशने भिंतीवरचा चुना खरवडत, तळाला बसलेला साका दादा नळीने ओढत. नवीन वहिनी हे सगळं ओट्यावरून बघत होती. आपण कोणत्या घरात आलो आहोत, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी मात्र ती मला विचारू लागली, ताई, आज कागद कसा आहे?

कागद सकाळी पिवळा असे आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा नारिंगी, कारण भिंतीत मुरलेला चुना सुटत राही. चिडायचं नाही, थोडं तेजाब, थोडं घासणं, पुन्हा कागद. मग एकदा तो लागोपाठ पिवळा राहू लागला आणि पाणी इतकं निवळलं की तळाच्या काँक्रीटमधले खडे दिसू लागले. आई पुढे चालली की नाही, हे मला नेहमी विचारतात. चालली. जिना तिने शेवटपर्यंत एकेक पायरी थांबूनच चढला, पण काठी पुढच्या उन्हाळ्यात मोठीआईने बिबडे वाळत घालायला मागून घेतली आणि आईने ती परत मागितली नाही. मला मात्र त्या चालण्यापेक्षा ती एक दुपार जास्त आठवते.

बाबा आधी स्वतः उतरले. नाक धरून पाण्याखाली गेले आणि डोळे उघडे ठेवून तिथेच बसले. वरून आम्हाला त्यांचे डोळे दिसत होते. श्वास संपल्यावर वर आले.

"जयते का?" आईने पायरीवरून विचारलं.

"नाई."

"खरं सांगा."

"नाई जयत म्हटलं ना."

तिने त्यांना जवळ बोलावलं, वाकून डॉक्टरसारखी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढली, एक डोळा पाहिला, मग दुसरा. मग बाबांचाच लेंगा सावरत नळी धरून खाली उतरली. पहिली फेरी फार वेळ चालली. मधल्या आठवड्यांची वसुली सांधा करत होता; ती मध्येच थांबे, कपाळ नळीला टेकवी आणि पुन्हा निघे. बाबा कपडे बदलून काठावरून तिच्या बाजूबाजूने चालत होते. ती त्या टोकाला गेली, परत आली, पुन्हा गेली. जिनिंग बंद होती त्या दिवसांत, त्यामुळे पाण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"बस झालं आज," बाबा म्हणाले. "पह्यलाच दिवस हाय. ये वर."

"तुमी जा, जेवून घ्या," आई म्हणाली. "मी आनखी एक चक्कर मारून येतो."

बाबा गेले नाहीत. धोतर गुडघ्यापर्यंत ओढून काठावर बसले आणि पाय पाण्यात सोडले. आतून मोठीआईने हाक मारली की भाकर थंडी होऊन राह्यली. आई त्या टोकाला पोचली, नळीवरचा हात काढला, आणि वळली.